अंदमानला जायचंय, पण लेक अडीच वर्षांची आहे

पत्राचा सारांश : नाशिकच्या एक वाचक लिहितात, ‘लग्नाला सात वर्षं झाली, कोकणापलीकडे कुठे गेलो नाही. यंदा मेच्या तिसऱ्या आठवड्यात अंदमानचं पाच रात्री-सहा दिवसांचं पॅकेज नवऱ्याने ठरवलंय. स्वस्त मिळालं म्हणून टोकनही भरलं. पोर्ट ब्लेअर, बाराटांगच्या गुहा, हॅवलॉक, नील, सगळं आहे त्यात. सासूबाईही येणार. त्या ६४ वर्षांच्या, गुडघे दुखतात, पण सेल्युलर जेल बघायचंच म्हणतात. लेक अडीच वर्षांची, १२ किलोची. वरण-भाताशिवाय फारसं खात नाही, गाडीत तासाभराने कंटाळून रडते, आणि डायपर नुकतंच सुटतंय. माझी आई म्हणते, पोरीला माझ्याकडे ठेव. शेजारच्या काकू म्हणतात, पाच वर्षांची होऊ दे, आत्ता नेऊन तिला काय आठवणार आहे? नवरा म्हणतो, एवढा खर्च करून जायचं तर काही सोडायचं नाही. मला मात्र तारीख जवळ येईल तसा पोटात गोळा येतोय. रद्द करू का?’

उत्तर : ताई, तुम्ही पत्रासोबत पाठवलेला सहा दिवसांचा तक्ता आधी वाचला. पोटात गोळा येण्यासारखंच आहे ते, आणि त्याचं कारण तुमची लेक नाही. पहिल्या दोन रात्री पोर्ट ब्लेअर, मग एक हॅवलॉक, एक नील, शेवटची परत पोर्ट ब्लेअर. म्हणजे पाच रात्रींत चार वेळा खोली ताब्यात घ्यायची, चार वेळा बॅगा भरायच्या आणि तीन वेळा बोटीत चढायचं. प्रत्येक बोटीआधी तासभर धक्क्यावर, ओळखपत्रं, सामानाची तपासणी. यात अडीच वर्षांचं मूल रडलं तर ते हट्टी नव्हे, ते शहाणं म्हणायचं.

त्यातला दुसरा दिवस तर खोडूनच टाका. बाराटांगला जायचं म्हणजे पहाटे तीन-चारला हॉटेल सोडायचं, जिरकाटांगच्या नाक्यावर रांगेत उभं राहायचं आणि सगळ्या गाड्यांच्या कॉन्व्हॉयमधून जारवा या आदिवासी जमातीच्या राखीव क्षेत्रातला सुमारे ५० किलोमीटरचा रस्ता पार करायचा. या टप्प्यात गाडी थांबवायला परवानगी नाही. फोटो काढायलाही नाही, जारवांचे काढणं तर गुन्हा आहे. जिचं डायपर नुकतंच सुटतंय आणि जी गाडीत तासाभराने रडते, तिला ‘आत्ता थांबता येत नाही’ हे कोण समजावणार? पुढे बार्ज (गाड्या पलीकडे नेणारी सपाट बोट), मग छोटी बोट, मग गुहेपर्यंत चिखलाची पायवाट, आणि संध्याकाळी हेच सगळं उलट. सासूबाईंच्या गुडघ्यांचा तर विचारच केलेला दिसत नाही. खरं सांगायचं तर एखाद्या आदिवासी समाजाच्या जंगलातून रोज पर्यटकांचे ताफे नेण्याबद्दलच आक्षेप घेतले गेले आहेत, आणि ते मला पटतात. पण तो वाद बाजूला ठेवला तरी तुमच्या घरासाठी हा दिवस नाही.

आता शेजारच्या काकूंचं म्हणणं. तिला आठवणार नाही हे खरं. पण त्या हिशेबाने बारसं आणि पहिला वाढदिवसही कशाला करायचा? सहल तिच्या आठवणीत गुंतवणूक म्हणून करायची नसते. सात वर्षांत कुठे न गेलेल्या दोन माणसांना आणि जेल बघायची आस धरून बसलेल्या एका आजीला आठवलं तरी पुरे. ‘पाच वर्षांची झाली की सोपं’ हेही अर्धंच खरं. दोन वर्षांखाली बोट लागणं दुर्मीळ असतं, त्यानंतर ते वाढत जातं आणि प्राथमिक शाळेच्या वयात सर्वांत जास्त असतं. शिवाय शाळा सुरू झाली की तुम्ही दिवाळी आणि मे या दोनच सुट्ट्यांच्या कैदी. आज ती कैद नाही, मग पॅकेज मेचं का घेतलंत?

स्वस्त का मिळालं, याचं उत्तर आकाशात आहे. नैऋत्य मोसमी वारे देशात सर्वांत आधी पोचतात ते अंदमानच्या समुद्रात, साधारण २० मेच्या आसपास. म्हणजे नेमके तुमच्या तारखांना. समुद्र खवळलेला, पाणी गढूळ, बोटी ऐनवेळी रद्द. आणि बोट रद्द झाली की आखलेल्या तक्त्याच्या सगळ्या कड्या एकापाठोपाठ तुटतात. दिवाळीची सुट्टीही बेभरवशाची. ऑक्टोबर ते डिसेंबर तिथे परतीचा पाऊस असतो आणि बंगालच्या उपसागरातल्या चक्रीवादळांचाही तोच काळ. जानेवारी ते मार्च हे तिथले सर्वांत शांत महिने. टूरवाल्याला आजच फोन करा आणि रद्द न करता तारीख पुढे ढकलता येते का ते विचारा. टोकनची थोडी रक्कम बुडाली तरी पुढच्या फेब्रुवारीत जा. तोवर लेक सव्वातीन वर्षांची होईल आणि तिचं डायपरही सुटलेलं असेल.

आईकडे ठेवण्याचा पर्याय मी धुडकावणार नाही. आजीची सवय असेल, आधी दोन-तीन रात्री ती तिथे झोपली असेल, तर सहा दिवस मूल नीट राहतं. पण तुमच्या पत्रात ‘मला मोकळं व्हायचंय’ असं एकही वाक्य नाही, उलट ‘ती सोबत असली तर’ तीनदा आलंय. मग रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर रडारड बघायला एवढ्या लांब कशाला जायचं? ज्या वाचकांना खरंच चार दिवस दोघांनीच हवे आहेत, त्यांनी मात्र अपराधी न वाटून घेता मूल आजीकडे ठेवावं.

तर नवी आखणी. सहा रात्री मिळाल्या तर उत्तम : पहिली पोर्ट ब्लेअर, मधल्या चार हॅवलॉक, शेवटची परत पोर्ट ब्लेअर. पाचच असतील तर हॅवलॉकची एक कमी करा. शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरची, यात तडजोड नाही. हॅवलॉकहून सकाळची बोट आणि त्याच दुपारचं विमान अशी जोडी पॅकेजांत सर्रास असते. समुद्र जरा बिघडला की चार तिकिटांचे पैसे पाण्यात जातात. नील सोडा. सुंदर आहे, पण एका रात्रीसाठी दोन बोटी नकोत. (कागदोपत्री नावं बदलली आहेत : पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम, हॅवलॉकचं स्वराज द्वीप, नीलचं शहीद द्वीप. तिकिटांवर दोन्ही नावं दिसतील, गोंधळू नका.)

बोटीबद्दल लोकांचा सर्वांत मोठा गैरसमज ‘क्रूझ’ या शब्दाने होतो. टूरवाले जिला क्रूझ म्हणतात ती बंद खिडक्यांची, एसी, विमानासारख्या रांगांची वेगवान फेरी असते. हॅवलॉकला सुमारे दीड तास लागतो. सरकारी बोट हळू, अडीच तासांपर्यंत, पण तिथे डेकवर वाऱ्याला उभं राहता येतं, आणि ज्यांना बोट लागते त्यांना मोकळा वारा आणि क्षितिज दिसणं याहून चांगलं औषध नाही. तुमच्यासाठी मी तरी वेळ कमी असलेली खासगी फेरीच घ्या म्हणेन, सकाळची, कारण दुपारपेक्षा सकाळी समुद्र बहुधा शांत असतो. जागा खालच्या मजल्यावर, मध्यापासून मागे घ्या. पुढच्या ‘प्रीमियम’ रांगांना जास्त पैसे पडतात आणि हेलकावेही तिथेच जास्त बसतात.

गोळीचं जरा नीट वाचा. आपल्याकडे मोठ्यांची अ‍ॅव्होमिन अर्धी-पाव करून पोराला द्यायची पद्धत आहे. त्यात प्रोमेथाझिन असतं. ते दोन वर्षांखालच्या मुलांना अजिबात द्यायचं नसतं, श्वास मंदावण्याचा धोका असतो, आणि त्यापुढच्या वयातही बालरोगतज्ज्ञाने मात्रा लिहून दिल्याशिवाय नाही. मोठ्यांनी बोटीत चढण्याआधी अर्धा-पाऊण तास घ्यायची, मळमळू लागल्यावर नव्हे. सासूबाईंना रक्तदाब, काचबिंदू वगैरे असेल तर त्यांच्यासाठीही आधी डॉक्टरांना विचारा. आणि गोळीने झोप येते, म्हणून तुम्ही आणि यजमान यांपैकी एकानेच घ्या. दुसरं माणूस लेकीसाठी जागं हवं. तिला चढण्याआधी दूध देऊ नका, इडली किंवा कोरडं काही तासभर आधी द्या. एक कपड्यांचा जोड, ओले टिश्यू (वेट वाइप्स), दोन-तीन प्लॅस्टिक पिशव्या हातातल्या बॅगेत ठेवा, कारण मोठं सामान वेगळं रचतात आणि उतरेपर्यंत हाताला लागत नाही.

कोणाला बोट लागते हे अंदमानात कळण्यापेक्षा आधीच कळलेलं बरं. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो तासाभराची आहे. जानेवारीत एक शनिवार-रविवार अलिबाग करून या. लेक आणि सासूबाई, दोघींचीही परीक्षा होईल.

हॅवलॉकची राहण्याची ठिकाणं बहुतेक पूर्वेच्या बाजूला, गोविंदनगर (बीच नंबर ३) आणि विजयनगर (नंबर ५) इथे आहेत. फोटोंत दिसतो तो राधानगर (नंबर ७) पश्चिमेला, धक्क्यापासून १२ किलोमीटरवर. लहान मुलासाठी रोजचा समुद्र मात्र विजयनगरचा. पाणी उथळ, लाटा जवळजवळ नाहीत आणि किनाऱ्यावर झाडांची दाट सावली. मेख एकच. ओहोटीला पाणी खूप आत जातं आणि मेलेल्या प्रवाळाचे धारदार दगड उघडे पडतात. त्यावर अनवाणी गेलं की पाय कापतो, आणि प्रवाळाची जखम लवकर भरत नाही. म्हणून चौघांनाही रबरी तळाचे, मागून बंद असलेले बूट घ्या. नाशिकमध्येच घ्या, तिथे लहान मापाचे मिळतीलच असं नाही.

पाण्यात जाण्याची वेळ भरतीवर ठरवा. कोकणात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात, तो हिशेब तिथे लागू होत नाही. कोकण आणि अंदमान, दोन्हीकडच्या भरतीच्या वेळा वेगळ्या. पोर्ट ब्लेअरचं भरतीचं वेळापत्रक इंटरनेटवर मिळतं, ते उतरवून घ्या. भरती रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा येते. तारखा निवडायला वाव असेल तर अमावास्या-पौर्णिमा टाळा, कारण उधाणाच्या दिवसांत ओहोटीही तितकीच खोल जाते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, म्हणजे दिवसभर पाण्याची पातळी फार न बदलणारी. तुमच्या कामाची तीच.

राधानगरला एकदा नक्की जा, दुपारी तीननंतर. वाळू मऊ आहे, पण लाटा आहेत, तळ लवकर खोल होतो. लेकीने पायाच्या घोट्याएवढ्या पाण्यात बसायचं, त्यापुढे नाही. फुग्यांचे दंडबंद म्हणजे खेळणं, सुरक्षेचं साधन नव्हे. पायांमधून पट्टा जाणारं, तिच्या वजनाच्या मापाचं जीवरक्षक जॅकेट घरून न्या आणि तरीही एक मोठं माणूस हाताच्या अंतरावर हवं. आणि मगर. हसू नका. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. राधानगरलगतच्या नील्स कोव्हजवळ २०१० मध्ये एका अमेरिकन पर्यटक महिलेचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला होता. घाबरून जाण्याचं कारण नाही, पण खाडीचं तोंड, खारफुटी, ‘पोहू नये’चा फलक आणि अंधार या चार ठिकाणी पाण्यात उतरायचं नाही. जीवरक्षक शिट्टी मारेल तेव्हा वाद घालू नका.

एलिफंट बीचचं स्नॉर्केलिंग नवराबायकोने पाळीपाळीने करा, लेक आजीजवळ हॉटेलात. आदळत जाणाऱ्या छोट्या बोटीत तिला नेऊ नका. यजमानांना स्कूबा करायचं असेल तर ते हॅवलॉकच्या पहिल्या दिवसांत उरकून घ्यावं. शेवटच्या डुबकीनंतर विमानात बसेपर्यंत किमान १८ ते २४ तास जावे लागतात.

तुमची लेक तिथे पहाटे उठणार, हे आत्ताच धरून चाला. घड्याळ आपलंच, पण सूर्य नाशिकपेक्षा सुमारे सव्वा तास आधी उगवतो. फेब्रुवारीत पावणेसहाच्या आत उजाडतं आणि साडेपाचच्या सुमारास मावळतं. याच्याशी भांडू नका. सकाळी सहा ते साडेआठ समुद्र, नऊ ते तीन सावली, जेवण, झोप, तीन ते पाच पुन्हा समुद्र, साडेसहाला जेवण, साडेसातला अंथरूण. लहान मुलाला यापेक्षा सोयीचं गाव सापडणं कठीण. रात्री राधानगरहून परतायला रिक्षा मिळेलच असं नाही, जाताना केलेल्या गाडीलाच थांबायला सांगा. आणि भाड्याच्या स्कूटरवर पुढे पोरीला उभं करून फिरणं, कितीही लोक करताना दिसले तरी, नको.

वाळूत संध्याकाळी बारीक माश्या चावतात, सँडफ्लाय. चावा दुखत नाही, पण आठवडाभर खाजतो, आणि मूल खाजवून जखमा करून घेतं. ओल्या वाळूत नुसतं बसवू नका, जाड चादर घाला. आधी सनस्क्रीन, ते मुरल्यावर कीटकरोधक, तेही तिच्या हातांच्या पंजांना न लावता, कारण पंजे तोंडात जातात. नखं कापून न्या, कॅलामाइन सोबत ठेवा.

खाण्याची काळजी मात्र तुम्ही उगाच करताय. हॅवलॉकची वस्ती मुख्यतः फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या कुटुंबांची. साध्या खाणावळीत भात, डाळ, तळलेले बटाटे, मासे रोज असतात. ‘कमी तिखट’ असं आधी सांगा म्हणजे झालं. दूध ठरावीक चवीचंच लागत असेल तर पावडर घेऊन जा. चार दिवसांचा मेतकूट-भात आणि राजगिऱ्याच्या वड्या जड होत नाहीत.

औषधांत एकच गोष्ट महत्त्वाची, मात्रा मिलीलीटरमध्ये लिहून घेणं. पॅरासिटामॉलचं सिरप दोन ताकदींत मिळतं : ५ मिलीत १२० मिलिग्रॅम आणि ५ मिलीत २५०. किलोमागे १५ मिलिग्रॅम धरलं तर १२ किलोच्या मुलीला एका वेळी १८० मिलिग्रॅम, म्हणजे पहिलं ७.५ मिली पण दुसरं जेमतेम ३.६. तापाच्या गडबडीत बाटली बदलली तर दुप्पट जातं. बाटली इथूनच न्या आणि निघण्याआधी वजन पुन्हा करा. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं, पेलाभर पाण्यात संपूर्ण टाकायचं नसतं. २०० मिलीची छोटी पाकिटं न्या. हॅवलॉकला प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, त्याहून मोठं काही लागलं तर पोर्ट ब्लेअरचं जी. बी. पंत रुग्णालय, म्हणजे पुन्हा बोट. म्हणून निघण्याच्या दोन दिवस आधी ताप किंवा जुलाब असतील तर जाऊ नका.

सासूबाईंचं जेल. सोमवारी आणि राष्ट्रीय सुट्ट्यांना ते बंद असतं, तेव्हा पोर्ट ब्लेअरचे दिवस ठरवताना वार बघा. शेवटच्या दिवशी सकाळी उघडताच जा, उन्हाआधी. इमारतीच्या सात पाकळ्यांपैकी आता तीनच उरल्या आहेत. सावरकरांची कोठडी सर्वांत वरच्या मजल्यावर, जिना चढावा लागतो, मध्ये बसत-बसत जाऊ द्या त्यांना. सावरकर तिथे १९११ साली पोचले, हे सासूबाईंना तुमच्याआधी माहीत असेल. त्यांना तिथे घाई नको. रात्रीच्या ध्वनी-प्रकाश कार्यक्रमाला मुलाला नेऊ नका : मिट्ट अंधार, कर्णे, ओरडण्याचे आवाज. एकाने सासूबाईंना न्यावं, दुसऱ्याने लेकीबरोबर खोलीत राहावं. दुपारी बाहेर ऊन असेल तर समुद्रिका संग्रहालयात मुलगी तासभर रमेल. आणि रॉस बेट, आताचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप, तर नक्की. बोट अवघी दहा-पंधरा मिनिटांची, चढावर बॅटरीच्या गाड्या, आणि हरणं माणसांत फिरतात. तिथे आजी आणि नात, दोघीही खूश होतील.

नवऱ्याशी बोलताना ‘लेकीला झेपणार नाही’ने सुरुवात करू नका, त्यावर ‘झेपेल गं’ हे एकच उत्तर येतं. कागदावर दोन तक्ते शेजारीशेजारी लिहा आणि प्रत्येकाखाली किती तास समुद्रात आणि किती तास रांगेत, एवढंच मांडा. ते वाचतील. बाराटांग त्यांना फारच हवं असेल तर लेक दहा वर्षांची झाल्यावर जा म्हणावं, गुहा कुठे पळून जात नाहीत.

आणि परतीच्या आदल्या रात्री तिच्या फ्रॉकचे खिसे, बूट आणि वाळूचं खेळणं झाडून घ्या. प्रवाळाचे तुकडे आणि कायद्याने संरक्षित शंख बेटावरून नेता येत नाहीत, विमानतळावर सामान तपासतात, आणि कोणता शंख संरक्षित आहे हे सव्वातीन वर्षांच्या मुलीला काय, तुम्हालाही ओळखू येणार नाही. तिला वाळूतच एक ढीग करू द्या आणि त्याचा फोटो काढून घ्या.